टीव्ही एवढा जाड का होता? (ड्राय सोल्डर ते २७ किलोमीटरचं भुयार)

इएचटी (धागालेखक, रत्नागिरी)

मंडळी, सुट्टीत नात आली आहे. यंदा आठवीत जाईल. परवा चटया काढायला माळ्यावर चढली आणि वरूनच ओरडली, "आजोबा, हा टीव्ही एवढा जाड का?" माझ्या दुकानाचा शेवटचा एकवीस इंची कलर सेट तिथे गोणपाटाखाली पडून आहे. तिने जन्मापासून भिंतीवरचे पाटच पाहिलेले. तिचं काही चुकलं नाही.

मला वाटलं, पाच मिनिटांत सांगून मोकळा होईन. तीन दिवस झाले. एका प्रश्नातून दुसरा असं करत आम्ही जिनिव्हापर्यंत पोचलो आहोत, आणि तिची आई म्हणते की पोरीला जरा समुद्रावर तरी न्या. म्हणून इथे लिहून टाकतो. चूक सापडली तर दुरुस्त करा. सव्वीस वर्षं टीव्ही दुरुस्तीवर घर चाललं, तेव्हा दुरुस्तीचा राग नाही. शिक्षण आयटीआय, त्यामुळे गणित मागू नका.

टीव्ही जाड होता, कारण त्याच्या पोटात ॲक्सिलरेटर होता, म्हणजे बारीक कणांना जोरात पळवणारं यंत्र. पुस्तकात 'कणत्वरक' लिहितात, पण तो शब्द मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

पिक्चर ट्यूबच्या मानेत बारीकसा हीटर असतो. सेट लावला की तिथे केशरी उजेड दिसतो. गिऱ्हाईक 'टीव्ही मेला' म्हणत आलं की मी आधी मागचं झाकण काढून तो उजेड बघायचो. हीटर तापला की इलेक्ट्रॉन सुटतात. त्यांना ओढायला ट्यूबच्या बाजूला रबराच्या टोपीखाली सुमारे २५,००० व्होल्ट लावलेले असतात, आमच्या भाषेत इएचटी. (माझं इथलं नाव तिथूनच. तो झटका मी चार वेळा खाल्लाय, चौथ्या वेळी स्टुलावरून थेट भिंतीला. सेट बंद केला तरी ट्यूबमध्ये चार्ज राहतो, तेव्हा हे वाचून कुणी जुना टीव्ही उघडायला बसू नका.) एवढ्या ओढीने इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या तीस टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे सेकंदाला सुमारे ९०,००० किलोमीटर. काचेवर आपटतो, तिथला फॉस्फर चमकतो, आणि आपण तेंडुलकरची बॅटिंग बघतो. ही दौड मारायला जागा लागते. म्हणून टीव्ही जाड.

इथे पोरीने विचारलं, "मग अजून जास्त व्होल्ट लावले तर?"

कोकणातल्या मेकॅनिकला हे सांगायला पुस्तक लागत नाही. आपली हवा खारी. पावसाळ्यात टोपीखाली ओल शिरली की ट्यूबवर निळी ठिणगी नाचायची, चर्रचर्र आवाज यायचा आणि खोलीभर तो ओझोनचा तिखट वास. मी टोपी स्पिरिटने पुसायचो, सिलिकॉन ग्रीस लावायचो आणि शंभर रुपये घ्यायचो. म्हणजे २५,००० लाच वीज वाट सोडून पळायला बघते. शास्त्रज्ञांनाही हीच भिंत आडवी आली. मुंबईला कुलाब्यात टाटा इन्स्टिट्यूटमध्ये पेलेट्रॉन म्हणून मशीन आहे, ते १४० लाख व्होल्टपर्यंत जातं. त्यासाठी सगळं मशीन दाबाखाली भरलेल्या खास वायूच्या टाकीत ठेवावं लागतं, नाहीतर ठिणगी. त्याच्या फार पुढे असं एका दमात जाता येत नाही.

युक्ती झोपाळ्याची. ओटीवरच्या झोपाळ्याला एकच जोरदार धक्का देऊन कुणी तो छताला नेत नाही. छोटाच धक्का, पण बरोबर वेळेवर, परत परत. नॉर्वेच्या विडेरोने १९२८ मध्ये हे सरळ नळीत करून दाखवलं. अमेरिकेत लॉरेन्सने चुंबक लावून कणांना गोल फिरवलं, म्हणजे तोच धक्का पुन्हा पुन्हा वापरता येतो. ते सायक्लोट्रॉन. पहिलं तर तळहातावर मावेल एवढं होतं. १९३९ चं नोबेल त्याला त्यावरच मिळालं.

आता आजचं सगळ्यात मोठं. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर सर्न नावाची संस्था आहे. तिथे जमिनीखाली सरासरी शंभर मीटरवर २७ किलोमीटर घेराचं गोल भुयार आहे. आपला कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर. तसे चार जोडून टोकाला टोक मिळवा, झालं एलएचसीचं, म्हणजे तिथल्या ॲक्सिलरेटरचं भुयार. त्यात प्रोटॉन सेकंदाला ११,२४५ फेऱ्या मारतात, काही एका दिशेने आणि काही उलट. मोठ्या कड्यात शिरताना प्रत्येकाची ऊर्जा ४५० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट असते (एका व्होल्टच्या धक्क्याने मिळते ती एक इलेक्ट्रॉन व्होल्ट). साधारण वीस मिनिटांत ती ६,८०० अब्जांवर जाते.

काल रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. वीस मिनिटं म्हणजे १,२०० सेकंद, गुणिले ११,२४५, म्हणजे एक कोटी पस्तीस लाख फेऱ्या. वाढलेली ऊर्जा त्याने भागली, तर दर फेरीला धक्का किती? पाच लाख व्होल्टसुद्धा नाही! माझ्या दुकानातल्या वीस टीव्हींच्या इएचटीची बेरीज. मी दोनदा तपासलं. जगातलं सगळ्यात जबरदस्त मशीन दर फेरीला वीस टीव्हींएवढंच ढकलतं. फक्त एक कोटीहून जास्त वेळा ढकलतं आणि एकदाही वेळ चुकत नाही.

बाकी सामानही ओळखीचंच. ट्यूबच्या मानेवर तांब्याच्या तारांचा योक असतो, तो इलेक्ट्रॉनचा झोत वळवतो. तिथे योकच्या जागी पंधरा-पंधरा मीटर लांबीची १,२३२ चुंबकं. एलओटीवर, म्हणजे इएचटी बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, फोकसची खुंटी असते, तिथे झोत आवळायला वेगळी चुंबकं. ट्यूबमध्ये निर्वात, तिथेही निर्वात. ट्यूबच्या मानेत आरशासारखा चंदेरी डाग दिसतो ना, तो गेटर. उरलीसुरली हवा शोषून घेतो. ट्यूबला बारीक चीर गेली की तो पांढरा पडतो, मग गिऱ्हाइकाला सांगायचं, "काका, नवीन घ्या." सर्नच्या नळ्यांनाही काही भागांत आतून गेटरचा लेप आहे, टायटॅनियम, झिर्कोनियम आणि व्हॅनेडियमचा.

आणि ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते हे. १० सप्टेंबर २००८ ला हे मशीन वाजतगाजत सुरू झालं आणि नऊ दिवसांत बंद पडलं. दोन चुंबकांमधल्या जोडाचं सोल्डरिंग नीट नव्हतं. तिथे आर्क झाला, हेलियमच्या टाकीला भोक पडलं, सुमारे ६ टन हेलियम भुयारात गेला, टनावारी वजनाची चुंबकं जागची सरकली. ५३ चुंबकं बाहेर काढावी लागली. वर्षाहून जास्त काळ काम ठप्प.

ड्राय सोल्डर! दहापैकी सहा सेट माझ्याकडे त्यानेच यायचे. टपली मारली की चित्र येतं, हात काढला की जातं. हे वाचून मी अर्धा तास एकटाच हसत होतो.

---

चाकरमानी_डोंबिवली

काका, दंडवत. वाचनखूण साठवली. आमच्या गावच्या घरी टपली मारायचं काम आजीकडे होतं. तिच्या हाताला गुण होता असं आम्ही समजायचो.

---

मालवणचो_झील

मस्त लिवलास काकानु. माका एक सांगा, त्या प्रोटॉनांका गोल गोल कित्याक फिरवतत? इलेक्ट्रॉन तुमच्या टीवीत सरळ जायत. मग थयसर पण इलेक्ट्रॉनच फिरवचे ना, प्रोटॉन कित्याक?

---

सुरंगी

मूळची वेंगुर्ल्याची, आता बाहेर असते. सर्नच्या एका प्रयोगाच्या डेटावर काम करते, त्यामुळे राहवलं नाही. काका, वीस टीव्हींचा हिशेब बरोबर आहे. आमच्या ग्रुपमध्ये सांगितला, तर दोघांनी लगेच कागद काढले.

झिला, खूप बरो प्रश्न विचारलंस. त्याच भुयारात आधी इलेक्ट्रॉनच फिरायचे. त्या मशीनचं नाव लेप, १९८९ ते २००० चाललं. पण हलका कण वळणावर फार ऊर्जा सांडतो, क्ष-किरण आणि प्रकाशाच्या रूपात. प्रत्येक फेरीला जेवढं घालायचं त्यातलं बरंचसं तो वळणावरच उधळतो. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १,८३६ पट जड, तो जवळजवळ काहीच उधळत नाही. म्हणून पुढे प्रोटॉन. इलेक्ट्रॉनला खूप वर न्यायचं तर सरळ नळी लागते, कॅलिफोर्नियात तशी तीन किलोमीटरची आहे. गंमत म्हणजे ही उधळपट्टी काही ठिकाणी मुद्दाम करतात. इंदूरला इंडस-२ मध्ये इलेक्ट्रॉन गोल फिरवतात ते वळणावर सांडणाऱ्या त्या प्रकाशासाठीच. औषधं, प्रथिनं, धातू तपासायला तो लागतो.

काका, एक बारीक दुरुस्ती. वीस मिनिटांत वेग जवळजवळ वाढतच नाही. मोठ्या कड्यात शिरताना प्रोटॉन प्रकाशापेक्षा सेकंदाला साधारण ६५० मीटरनेच मागे असतो. पूर्ण ऊर्जा मिळाल्यावर तीन मीटरने मागे. एक कोटी धक्के खाऊन कमाई साडेसहाशे मीटरची. वाढते ती ऊर्जा. 'ॲक्सिलरेटर' हे नावच जरा फसवं आहे.

---

इएचटी

दुरुस्ती मंजूर. नातीला सांगितलं, तर म्हणाली, "मग अजून ढकलून उपयोग काय?" आता तुम्हीच सांगा.

---

कलमवाला

वाचतोय. बागेतून लिहितोय म्हणून थोडक्यात. आमचा हापूस अमेरिकेला जातो तेव्हा आधी त्याला रेडिएशन देतात, कोयीतल्या भुंग्यासाठी. ते पण ॲक्सिलरेटरच का? दलाल विचारलं की डोळे मिचकावतो.

---

इएचटी

कलमवाले, मी ह्यात पडत नाही, माझं दुकान टीव्हीचं. @सुरंगी?

---

सुरंगी

कलमवाले, ते बहुतेक कोबाल्ट-६० चे गॅमा किरण. ॲक्सिलरेटर नाही. लासलगावचं केंद्र कोबाल्टवरच चालतं. अमेरिकेसाठी किमान ४०० ग्रेचा डोस ठरलेला आहे, २००७ मध्ये आंबा तिकडे परत जायला लागला तो त्याच अटीवर. भुंगा मेला नाही तरी त्याची पुढची वीण थांबते. आंबा किरणोत्सारी होत नाही, उन्हात ठेवलेली चटई रात्री उजेड देत नाही तसं. इलेक्ट्रॉनचा झोत वापरूनही हे करता येतं आणि त्यात फायदा असा, की बटण बंद केलं की किरण बंद. कोबाल्ट रात्रंदिवस जळतच असतो.

काकांच्या नातीला उत्तर. नीट लिहिते, कारण माझी नोकरीच ह्यावर आहे.

लोकांना वाटतं, आम्ही प्रोटॉन फोडून आत काय आहे ते बघतो. नारळ फोडून खोबरं बघावं तसं. थोडं तसंही आहे, पण खरी गोष्ट वेगळी. दोन नारळ एकमेकांवर आपटले आणि त्यातून फणस बाहेर पडला तर? करवंटी सोडा, जे आत कधी नव्हतंच ते. इथे तसं होतं, कारण टकरीची ऊर्जा वस्तुमानात बदलते. जेवढी ऊर्जा जास्त, तेवढा जड फणस. वेग वाढत नसला तरी ढकलत राहायचं ते ह्यासाठी. ह्याच मशीनवर सापडलेला हिग्ज नावाचा कण प्रोटॉनच्या साधारण १३३ पट जड आहे. दोन हलक्या प्रोटॉनमधून तो निघतो तो असा.

निघतो आणि क्षणात विरतो. त्याचं आयुष्य एवढं कमी की तो स्वतः कुठल्याच यंत्राला दिसत नाही, दिसतात त्याच्या पाठी उरलेले तुकडे. म्हणून टकरीभोवती जाळी लावावी लागतात, एकाबाहेर एक, प्रत्येकाचा आस (जाळ्याचं भोक) वेगळा. आतलं जाळं विजेचा भार असलेल्या कणांची वाट टिपतं, पुढचं इलेक्ट्रॉन आणि प्रकाश अडवतं, त्यापुढचं प्रोटॉनसारखे जड कण. ह्या सगळ्यातून म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, निसटतो, त्याच्यासाठी सगळ्यात बाहेरचं. झोतांची समोरासमोर गाठ सेकंदाला चार कोटी वेळा पडू शकते. सगळं साठवायला जगातल्या डिस्क पुरणार नाहीत. म्हणून यंत्रं तिथल्या तिथे ठरवतात, काय ठेवायचं. रापणीत आलेलं सगळं टोपलीत जात नाही, तसं. फक्त इथे निवड चुकली तर मासा कायमचा गेला, आणि नवीन जातीचा मासा दिसतो कसा हे कुणालाच माहीत नाही. रात्री झोप उडते ती ह्या विचाराने.

४ जुलै २०१२ ला हिग्ज सापडल्याचं जाहीर झालं. त्यावर एक चुकीचं वाक्य सगळीकडे छापून आलं, 'हिग्जमुळे सगळ्याला वजन मिळतं.' आपल्या अंगातलं बहुतेक वस्तुमान प्रोटॉन-न्यूट्रॉनचं, आणि त्यांचं वस्तुमान मुख्यतः आतल्या क्वार्क नावाच्या कणांना बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेचं आहे. हिग्जचा थेट वाटा एखाद-दुसरा टक्का. पण इलेक्ट्रॉनचं वस्तुमान हिग्जमुळे आहे, आणि ते नसतं तर अणूच बांधला गेला नसता. एक टक्का, पण त्याशिवाय घर उभं राहत नाही.

आता राहिलेलं. विश्वात जेवढं द्रव्य दिसतं, त्याच्या साधारण पाचपट आपल्याला दिसतच नाही, फक्त त्याची ओढ जाणवते. ते कशाचं बनलंय? टकरीच्या वेळी सगळ्या तुकड्यांचा आडवा जोर बेरजेत शून्य यायला हवा. एका बाजूला कमी पडला तर काहीतरी जाळ्यातून निसटलं. कधी ते न्यूट्रिनो असतं, सगळ्या जाळ्यांतून आरपार जाणारा कण, ते ओळखीचं. पण हिशेबातली एखादी खोट न्यूट्रिनोनेही भरत नाही असं एक दिवस दिसलं, तर तो दिवस मोठा. आजवर आलेला नाही. एलएचसी सुरू झालं तेव्हा खूप लोक म्हणत होते की नवे कण रांगेने येतील, सुपरसिमेट्री नावाच्या सिद्धांताने सांगितलेले. एकही आला नाही. हे कबूल करायला आमच्यातल्या ज्येष्ठांना जड जातं, मला जात नाही. समुद्रावर गेलो आणि मासा नाही मिळाला, तर निदान कुठे नाही ते कळलं.

दुसरं, आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य (द्रव्याचं उलट्या भाराचं जुळं) सारखंच असायला हवं होतं, मग एकमेकांना खाऊन काहीच उरायला नको होतं. आपण उरलो कसे? दोघांच्या वागण्यात बारीक फरक आहे. २०२५ मध्ये प्रोटॉनच्या कुळातल्या एका जड कणाच्या बाबतीत तो पहिल्यांदा दिसला. पण जेवढा फरक मोजलाय, तेवढ्याने विश्व उरत नाही. कुठेतरी अजून काहीतरी आहे.

तिसरं माझं स्वतःचं वेड. हिग्ज हिग्जशीच कसा वागतो? त्यासाठी एका टकरीत दोन हिग्ज एकदम निघायला हवेत, ते फारच विरळा. म्हणून आता मशीन जास्त टकरी देईल असं वाढवायचं काम निघालंय. हे कळलं तर विश्वाच्या पहिल्या क्षणी तो कसा स्थिरावला, आणि आताची त्याची स्थिती पक्की आहे की नाही, ह्यावर बोलता येईल.

फार लिहिलं. भात करपला.

---

शंकासूर

एवढे पैसे लावून 'कुठे नाही ते कळलं'? आमच्या गावचा रस्ता तीन वर्षं खणून ठेवलाय, तिथे पण काही नाही हे मला फुकटात कळलं. आणि ते पृथ्वी गिळणारं ब्लॅक होल? २००८ मध्ये सगळ्या चॅनेलवर होतं. आणि हे जैतापूरसारखंच ना शेवटी, अणूचं?

---

इएचटी

शंकासूर, रस्त्याबद्दल +१. जैतापूरला इथे जुने दोन धागे आहेत, तिकडे भांडा. हे आणि ते वेगळं एवढंच सांगतो. अणुभट्टी आपली आपण पेटत राहते, तिला आवरावं लागतं. ॲक्सिलरेटरला उलट सारखं चालू ठेवावं लागतं, लाईट गेली की खेळ खलास. पार्ट थोडे किरणोत्सारी होतात, हे खरं, म्हणून लगेच आत जात नाहीत.

ब्लॅक होलचं तेव्हा दुकानात दिवसभर ऐकलं. एकाने तर 'आता दुरुस्त करून काय उपयोग' म्हणून सेट न नेताच ठेवला, आठ दिवसांनी आला. आकाशातून ह्यापेक्षा कितीतरी जोरदार कण पृथ्वीवर कायम पडतायत, कोट्यवधी वर्षं. पृथ्वी आहे जागेवर. आणि एका टकरीची ऊर्जा किती, तर दहा-पंधरा उडत्या डासांची. डासावरून आठवलं, आपली ती चटचट वाजणारी रॅकेट असते ना, तिच्यातही बऱ्याचदा डायोड आणि कंडेन्सरची शिडी असते, कमी व्होल्ट एकावर एक चढवायला. कलर टीव्हीत तिलाच ट्रिपलर म्हणायचे. १९३२ मध्ये केंब्रिजला कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टनने अशीच मोठी शिडी बांधून प्रोटॉन सोडले आणि लिथियमचा अणू दोन तुकडे करून दाखवला. नोबेल मिळालं. माझ्या ड्रॉवरमध्ये अजून तीन ट्रिपलर आहेत.

---

सुरंगी

डास एका कणाचा. पण कण एकटा नसतो. संपूर्ण झोताची ऊर्जा मिळून ३०० मेगाजूलच्या वर जाते. चारशे टनांची आगगाडी ताशी दीडशेने यावी तेवढी. टकरीच्या जागी तो झोत केसाहून बारीक. वाट चुकला तर धातू वितळेल, म्हणून दर क्षणी पहारा.

---

ओटीवरून

पैशाचं मी बोलू का? गेल्या वर्षी हिला मुंबईला पंचवीस लाईट दिले. रेडिएशनला तिकडे सगळे 'लाईट'च म्हणतात. मी रोज बाहेर बाकावर बसून दरवाजावरचा लाल दिवा बघायचो. शेवटच्या आठवड्यात टेक्निशियनला विचारलं, आत काय आहे. तो म्हणाला, लिनॅक. हात-दीड हाताची नळी, तिच्यात इलेक्ट्रॉन पळवतात आणि टंगस्टनवर आपटवतात, त्याचे क्ष-किरण. बाहेर पडताना धातूच्या पातळ पट्ट्यांतून गाठीच्या आकाराचे कापून घेतात. जगात तीस हजारांहून जास्त ॲक्सिलरेटर आहेत आणि बहुतेक इस्पितळांत आणि कारखान्यांत कामाला आहेत, हे नंतर वाचलं. काकांच्या टीव्हीचा भाऊच म्हणायचा. ही आत्ता आतून चहा होतोय का विचारतेय.

---

इएचटी

वहिनींना नमस्कार सांगा. चहा तुम्हीच करा.

---

दर्यावरचो

वर भरतीचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. मुलाने मला एकदा वाचून दाखवलं होतं की चंद्रामुळे ते मशीनसुद्धा हलतं. खरं का? आम्हाला अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोजून होडी सोडावी लागते, पण तिथे समुद्र कुठे?

---

सुरंगी

अगदी खरं, आणि माझा आवडता किस्सा. चंद्र पाणी ओढतो तसा जमिनीलाही ओढतो. जिनिव्हाची जमीन दिवसातून दोनदा वीस-पंचवीस सेंटिमीटर वर-खाली होते, सगळंच एकदम हलतं म्हणून कळत नाही. लेपच्या वेळी झोताची ऊर्जा थोडी थोडी बदलतेय असं दिसलं, आणि कारण सापडलं ते हे. २७ किलोमीटरचा घेर भरतीबरोबर जेमतेम एक मिलिमीटरने ताणला जायचा. शेजारच्या तलावात पाणी वाढलं तरी फरक पडायचा. आणखी एक फरक रोज ठरलेल्या वेळी यायचा आणि मध्यरात्री काही तास थांबायचा. तो निघाला पॅरिसच्या आगगाडीचा. रुळांतून गळणारी वीज जमिनीतून भुयारापर्यंत पोचत होती.

भारताचंही सांगते, कुणी विचारलं नाही तरी. ती जड चुंबकं ज्या जॅकवर टेकलेली आहेत, ते सुमारे सात हजार जॅक आपल्याकडून गेलेत. तीस टनांच्या वर वजन आणि मिलिमीटरच्या अंशात हलवायचं. २०१७ पासून आपण सर्नचे सहयोगी सदस्य आहोत.

---

मालवणचो_झील

आणि २०१६ मधे मुंगसासारख्या एका जनावराने ट्रान्सफॉर्मर कुरतडून सगळा मशीन बंद पाडल्यान, ता विसरलास! बिचारा थयच मेला. आमच्याकडे हेच काम माकड करता, पेपरात येणा नाय.

---

काळबादेवीकर

धाग्यात टायटॅनियमचा उल्लेख वाचून आलो. आमच्या किनाऱ्यावरची काळी वाळू म्हणजे इल्मेनाइट, लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज. इथून मालगुंडपर्यंत सापडतं. काकांनी गेटरमध्ये टायटॅनियम सांगितलं, पण मुख्य चुंबकांच्या तारासुद्धा नायोबियम-टायटॅनियमच्या आहेत. त्यांना उणे २७१ अंशांपर्यंत थंड केलं की विरोध शून्य, मग त्यातून ११,००० अँपिअरच्या वर करंट बिनबोभाट जातो. आपल्या वाळूतलं तिथे गेलंय असं म्हणत नाही, पण जात एकच. काका, नातीला घेऊन या. जुन्या स्पीकरचं चुंबक आणा. इल्मेनाइट फार ओढलं जात नाही, पण त्यात मॅग्नेटाइट मिसळलेलं असतं, ते चिकटतं.

---

इएचटी

अपडेट. काल सेट माळ्यावरून उतरवला. दोघांचं कंबरडं मोडलं. हीटर पेटला, इएचटी नाही. एलओटीच्या पायांशी भिंग धरलं, तर एका पायाभोवती गोल बारीक चीर. नातीला दाखवली. सोल्डरिंग गन तिच्या हातात दिली, मी फक्त मनगट धरलं. धूर नाकात गेला म्हणून शिंकली, पण टाका चकचकीत पडला. मी असा टाका शिकायला महिना घेतला होता.

सेट लागला. चॅनेल कुठलं नाही, पडदाभर मुंग्या. त्या मुंग्यांत थोडासा वाटा विश्वाच्या आरंभी सुटलेल्या प्रकाशाचा असतो, हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसून बघत होती. मग स्पीकरचं चुंबक काचेशी नेलं, जांभळे-हिरवे डाग पडले आणि चुंबकाबरोबर फिरायला लागले. ते डाग आता जात नाहीयेत. ते घालवायची डिगॉसिंग कॉइल भाच्याने नेली आहे.

आज सकाळी काळबादेवीला गेलो. काळ्या पट्ट्यात चुंबक फिरवलं, अस्वलासारखं केसाळ झालं. खूश होऊन तिने ते घरापर्यंत हातात धरून आणलं. आता ते काळे कण चुंबकावरून निघत नाहीत. पाण्याने नाही, ब्रशने नाही. कुणाला उपाय माहीत आहे का?

---

काळबादेवीकर

सांगायला विसरलो. चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं असतं, म्हणजे पिशवी उलटी केली की झालं. आता कणकेचा गोळा दाबून बघा. दोन-तीन वेळा.

---

इएचटी

कणकेने निघाले. गोळे काळे झाले आहेत आणि सूनबाई विचारतेय, पोळ्यांच्या कणकेला हात कुणी लावला.